नाव नसलेल्या कागदावरचं उत्तर

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे. तालुक्याच्या गावात एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते आहे. नववीतल्या मुलांचा अभ्यासाचा ताण आणि त्यांचं आरोग्य, असा माझा विषय आहे. प्रश्नावली मी स्वतः तयार केली आणि पूर्वचाचणी म्हणून शेजारच्या गावातल्या शाळेत ४२ मुलांकडून भरून घेतली. ‘नाव लिहू नका, तुमचं उत्तर कुणालाही कळणार नाही,’ असं मुलांना स्वतः सांगितलं होतं. घरी येऊन कागद चाळताना शेवटच्या मोकळ्या प्रश्नाखाली एका मुलीने लिहिलेलं वाचलं : ‘मी नसले तर घरातला एक ताण तरी कमी होईल.’ रात्रभर झोप लागली नाही. कागद रांगेने गोळा केले होते, त्यामुळे खिडकीकडच्या रांगेतल्या पाच-सहा मुलींपैकी कुणाचा तरी तो आहे एवढं कळतं. मार्गदर्शक म्हणाले, ‘पूर्वचाचणीचा डेटा आहे, बाजूला ठेवा. नाव नाही म्हणजे आपली जबाबदारी नाही. गोपनीयतेचा शब्द मोडलात तर संशोधनच बाद होईल.’ घरचे म्हणतात, कशाला नसती आफत, विषय बदल. मलाही वाटतं की आम्ही बी.एड., एम.एड. झालेली माणसं, मानसशास्त्र किंवा आरोग्य या विषयांत आम्ही हात घालावाच कशाला? एखादा साधा ई-लर्निंगचा विषय घेतला असता तर बरं झालं असतं. शब्द पाळू की मोडू? विषय ठेवू की सोडू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र आलं त्याच दुपारी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या : बाकीचं नंतर बोलू, उद्या सकाळी आधी त्या शाळेत जा. तुम्ही गेलात. पुढे काय झालं तेही तुम्ही लिहिलंत. ते मी इथे देणार नाही, कारण ती गोष्ट त्या मुलीची आहे. पण तुम्ही विचारलेले प्रश्न एकट्या तुमचे नाहीत. दरवर्षी आपल्या अध्यापक महाविद्यालयांतून आणि विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांतून कितीतरी जण मुलांची झोप, भूक, भीती, राग, आत्मविश्वास असे विषय घेऊन शाळांमध्ये जातात. त्यातल्या प्रत्येकाच्या हातात कधी ना कधी असा कागद येऊ शकतो. म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी शब्दाचं बघू. ‘कुणालाही कळणार नाही’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा वर्गातल्या मुलांनी काय ऐकलं असेल? माझ्या आईला कळणार नाही, वर्गशिक्षकांना कळणार नाही, मधल्या सुट्टीत याची चर्चा होणार नाही, हे ऐकलं. ‘तुम्ही जिवाचं लिहिलंत तरी मी काही करणार नाही,’ असं एकाही मुलाने ऐकलं नसणार. त्या मुलीने तर शेवटच्या मोकळ्या प्रश्नाखाली, कुणी थेट तसं न विचारता, ते वाक्य लिहिलं. बाकीच्या मुलांनी तिथे ‘काही नाही’ लिहिलं किंवा रेघ मारली, असं तुम्हीच कळवलंत. तिला रेघ मारता आली असती. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी अनोळखी बाईंच्या कागदावर असं वाक्य लिहिते तेव्हा कुणीतरी वाचावं म्हणूनच लिहिते. त्यामुळे तिच्यापर्यंत पोचण्यात तुम्ही शब्द मोडलात असं मी मुळीच मानत नाही. चूक झाली ती आधी. वचन देताना त्याची मर्यादा सांगायची राहून गेली. ती चूक सुधारता येते.

पुढच्या वेळी, आणि तुमच्यासारख्या सगळ्यांनीच, प्रश्नावली वाटण्याआधी मुलांना साध्या बोलीत एवढं सांगावं : ‘तू लिहिलेलं मी घरी किंवा शाळेत कुणाला दाखवणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे किंवा तुला कुणी त्रास देतंय असं त्यातून वाटलं, तर मदत करू शकेल अशा एका मोठ्या माणसाशी मला बोलावं लागेल. त्याआधी मी तुझ्याशी बोलेन.’ असं सांगितलं तर मुलं खरं लिहिणार नाहीत, अशी भीती गाईड घालतील. काही मुलं खरोखरच लिहिणार नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. जी लिहितील त्यांनी समजून उमजून लिहिलेलं असेल.

अशा कागदाचं पुढे काय करायचं? तुम्ही केलंत ते सर्वसाधारणपणे बरोबर होतं, पण वाचणाऱ्या इतरांसाठी नीट सांगते. मुख्याध्यापक आणि वर्गातल्या मुली जिच्याशी मोकळं बोलतात अशी एक शिक्षिका, एवढ्या दोघांनाच विश्वासात घ्यायचं. शिक्षकखोलीत विषय काढायचा नाही. अक्षर ओळखायला सगळ्या वह्या मागवून मुलींना रांगेत उभं करायचं नाही. ज्या पाच-सहा जणींपैकी कुणीतरी असेल असं वाटतं, त्या प्रत्येकीशी एकेक करून, काहीतरी साध्या निमित्ताने, दार उघडं पण कान नाहीत अशा जागी बोलायचं. ग्रंथालय, प्रयोगशाळेचा कोपरा, मैदानाकडची पायरी. अक्षरावरून मुलगी ओळखता येत असेल तर ओळखावी. जिवाचा प्रश्न असताना निनावीपणाला कवटाळून बसू नये. ती समोर असेल तेव्हा स्पष्ट विचारावं : ‘जगणं नको असं तुझ्या मनात येतं का?’ असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. ती चुकीची आहे. या विषयावरच्या अभ्यासांमध्ये विचारल्याने धोका वाढल्याचं आढळलेलं नाही. उलट पुष्कळांना विचारलं गेल्याने हायसं वाटतं.

ती ‘हो’ म्हणाली तर तिला एकटीला सोडायचं नाही, उपदेश करायचा नाही, ‘आईबाबांना किती वाईट वाटेल’ हे तर अजिबात म्हणायचं नाही. तिने आधीच स्वतःला घरावरचं ओझं मानलंय. त्या ओझ्यात आपण भर घालायची नाही. घरी कुणाला सांगायचं हे तिलाच विचारा. आईला, मावशीला, आजीला? तिच्या वाक्यात ‘घरातला ताण’ आहे, त्यामुळे घर म्हणजे आधार असंच धरून चालू नका. घरात किंवा बाहेर कुणी तिच्यावर लैंगिक अत्याचार करत असल्याचं कळलं, तर २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शिक्षक, संशोधक, मुख्याध्यापक, कुणालाही त्यातून सूट नाही. एरवी तिच्या विश्वासातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापर्यंत तिला पोचवा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. काय करावं हे न कळणाऱ्या शिक्षकानेही त्यावर फोन करावा. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहेच. हे दोन्ही क्रमांक यापुढे तुमच्या प्रत्येक प्रश्नावलीच्या तळाशी ठळक छापलेले असू द्या, आणि मुलांना कागदाचा तेवढा तुकडा फाडून खिशात ठेवता येईल असा छापा.

आता तुमच्या मार्गदर्शकांबद्दल. पत्रात तुमचा त्यांच्यावरचा राग दिसतो, आणि मला तो समजतो. ‘नाव नाही म्हणजे जबाबदारी नाही’ हे वाक्य चुकीचं आहे, त्यात दोन मतं होऊ शकत नाहीत. पण त्यांना खलनायक ठरवून तुमचं काम पुढे जाणार नाही. ज्या पिढीने एम.एड. केलं तेव्हा मुलांवरच्या संशोधनाची नैतिक बाजू हा अभ्यासक्रमातला एखाद्या परिच्छेदाचा मजकूर होता, त्या पिढीतली मीही आहे. तेव्हा मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र मिळालं की सगळ्या परवानग्या मिळाल्या असं आम्ही समजत होतो. ती सही म्हणजे शाळेच्या आवारात यायची परवानगी. मुलाला प्रश्न विचारायची परवानगी पालकांकडून आणि खुद्द मुलाकडून घ्यायची असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात हे अगदी स्वच्छ आहे : पालकांची लेखी संमती, सात वर्षांपुढच्या मुलाचा तोंडी होकार आणि बारा ते अठरा वयाच्या मुलाचा लेखी होकार. तुमच्या नववीच्या मुलांनी स्वतः सही करायला हवी होती, तीही ‘नाही’ म्हणायची मुभा खरी असताना. वर्गशिक्षक हात मागे बांधून फळ्याजवळ उभे असताना कुठलं मूल ‘मला भरायचं नाही’ म्हणेल? ‘ज्यांना भरायचं नाही त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढा’ एवढी साधी सोय केली तरी मुलाची पंचाईत टळते. कोण भरतंय आणि कोण नाही, हे शेजारच्यालाही कळत नाही.

‘ती तत्त्वं डॉक्टरांसाठी, आपण कुठे सुई टोचतो?’ असं उत्तर तुम्हाला मिळेल. त्यांना एक गोष्ट सांगा. १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मेरी ट्यूडर नावाची तरुण विद्यार्थिनी पदव्युत्तर प्रबंध करत होती. तिचे मार्गदर्शक वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे बोलणारे होते. मुलाला ‘तू अडखळतोस’ असं सारखं ऐकवल्यानेच तोतरेपणा जडतो, असं त्यांचं मत होतं. ते तपासायला मेरीला डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमात पाठवलं. एकूण २२ मुलं. त्यातली सहा मुलं नीट बोलत होती, तरी त्यांना मुद्दाम सांगण्यात आलं की तुझ्या बोलण्यात दोष आहे, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नकोस. सुई नाही, औषध नाही, फक्त शब्द. काही महिन्यांत ती मुलं गप्प गप्प झाली, उत्तर द्यायला कचरू लागली. जडलं ते तोतरेपणापेक्षाही घट्ट होतं, स्वतःच्या आवाजाचा धाक. प्रबंध ग्रंथालयात गेला. मेरी मात्र अस्वस्थ होऊन काही वेळा परत अनाथाश्रमात गेली, मुलांचं नुकसान भरून काढायचा प्रयत्न करत राहिली. साठ वर्षांनी, २००१ मध्ये, वर्तमानपत्रातून ही गोष्ट बाहेर आली आणि विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्याने त्यांतल्या काहींना आणि त्यांच्या वारसांना मिळून ९ लाख २५ हजार डॉलर भरपाई देऊ केली.

मेरी काही क्रूर नव्हती. तिने मार्गदर्शकांचं ऐकलं आणि वेळेत प्रबंध पुरा केला. मला तिच्या गोष्टीत सगळ्यात जवळची वाटते ती तिची एकटीने परत जाण्याची धडपड. तुम्ही त्या सकाळी एसटी पकडून शेजारच्या गावी गेलात ना, तेव्हा मला तिचीच आठवण झाली. फरक एवढाच की तुम्ही वेळेत गेलात.

मार्गदर्शकांकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, एक पान घेऊन जा. त्यावर लिहा : प्रश्नावल्या सोमवारी किंवा मंगळवारी सकाळच्या तासालाच भरून घेणार, शनिवारी, सुट्टीच्या आदल्या दिवशी किंवा परीक्षेच्या आठवड्यात नाही. मोकळी उत्तरं आणि काळजीचे दोन-तीन प्रश्न शाळेचं आवार सोडण्याआधी वाचणार. कागदावर नावाऐवजी क्रमांक असेल आणि क्रमांकांची यादी बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे राहील. गरज पडली तरच ती उघडायची. मदत कोण करणार, त्या माणसाशी आधीच बोलून ठेवणार. एवढं पान बघून ‘नको’ म्हणणारे मार्गदर्शक थोडे असतात. पुष्कळांना ‘जबाबदारी नाही’ म्हणावं लागतं ते जबाबदारी आली तर करायचं काय हे माहीत नसतं म्हणून. प्राध्यापकाकडे आठपर्यंत पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात, शिवाय तपासणीचे गठ्ठे आणि नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, कामं. तुम्ही उत्तर हातात घेऊन गेलात तर त्यांचीही सुटका होते. आणि तरीही ते अडून बसले, तर विभागप्रमुखांकडे आणि विद्यापीठाच्या नीतिविषयक समितीकडे लेखी जा. इथे संकोच करू नका.

विषय सोडू का, हा तुमचा दुसरा प्रश्न. सोडू नका. पण आहे तसा ठेवूही नका.

तुम्ही पाठवलेला आराखडा वाचला. ४० विधानं, प्रत्येकाला पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच पर्याय, ३०० मुलं, आणि मग मध्यमान (म्हणजे सरासरी) अधिक एक प्रमाण विचलन (म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) याच्या वर गुण असणारी मुलं ‘तीव्र तणावग्रस्त’. हे गणित आपल्या शेकडो प्रबंधांत आहे आणि माझा त्यावर जुना राग आहे, म्हणून थोडं थांबते. गुणांचं वितरण साधारण घंटाकृती असेल तर मध्यमानाच्या एक प्रमाण विचलन वर नेहमी १६ टक्क्यांच्या आसपास मुलं येणारच. तुमच्या ३०० मध्ये ४८ च्या जवळपास. जगातल्या सगळ्यात सुखी शाळेत गेलात तरी ४८, दुष्काळी गावातल्या शाळेत गेलात तरी ४८. म्हणजे ‘१६ टक्के विद्यार्थी तीव्र तणावात’ हा निष्कर्ष मुलांना भेटायच्या आधीच तुमच्या गणकयंत्रात तयार होता. उद्या तो वर्तमानपत्रात जाईल, पालकसभेत कुणीतरी वाचून दाखवेल, आणि त्या ४८ मुलांना प्रत्यक्षात काय होतंय हे कुणालाच कळलेलं नसेल. ज्या मुलीने ते वाक्य लिहिलं तिचे गुण त्या रेषेच्या खालीही असू शकतील. काढून बघा एकदा.

मापनसाधन तयार करणं हे एका पीएच.डी.च्या पहिल्या सहा महिन्यांत उरकायचं काम नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४च्या सुमारास धारवाड भागातल्या कानडी आणि मराठी मुलांसाठी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमत्ता कसोटी बसवली, त्यावरचं पुस्तक १९४० साली आलं. ती कसोटी आपल्याकडच्या दवाखान्यांत अजूनही वापरात आहे. एवढं टिकाऊ काम करायला भाषेगणिक, वयागणिक मुलांसमोर बसावं लागतं. (आणि नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांवरून काढलेले निकष आजच्या मुलाला लावणं बरोबर नाही, हेही खरंच, पण तो वेगळा विषय.) तुम्ही तुमच्या ४० विधानांवरून कुणाला ‘नैराश्य’ आहे असं लिहू शकत नाही. निदान करणं हे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं आणि मानसोपचारतज्ज्ञाचं काम. तुमच्या प्रबंधात तो शब्द येता कामा नये.

मग बी.एड.वाल्यांनी या विषयात हात घालायचाच कशाला? तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य हेच. डॉक्टर शाळेत येतात तेव्हा एक दिवस येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ मध्ये पालघरपासून सुरू झालं, ते मोलाचं काम करतं, पण शाळेत त्याची फेरी वर्षातून एकदा. मानसशास्त्रज्ञाकडे मूल पोचतं ते बिघडल्यावर. तुम्ही मात्र त्याच मुलाला जूनपासून एप्रिलपर्यंत रोज बघता. कोण डबा आणत नाही, कोण डबा आणून खात नाही, कुणाची वही अचानक रिकामी राहायला लागली, गणिताच्या तासाआधी कुणाचं पोट दुखतं आणि चित्रकलेच्या तासाला थांबतं, हे तुमच्याइतकं कुणालाच दिसत नाही. आपल्या मराठी मुलखात हे काम आधी झालंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत, याची प्रश्नावली त्यांनी काढली नाही. त्या पाड्यावर गेल्या, मुलांना आंघोळ घातली, केस विंचरले, अंगणातच शाळा मांडली. मोठी मुलं गुरं राखायला जातात हे दिसल्यावर शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणाल्या. आरोग्य, मानसशास्त्र आणि बालविकास हे तीन वेगळे विभाग त्या अंगणात नव्हते. ते पाहणं शिस्तशीर होतं, नोंदी होत्या, आणि त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द सगळ्या देशाला मिळाला. त्या दोघी शिक्षिकाच होत्या.

म्हणून माझी सूचना अशी. ३०० मुलांचा ताण मोजायचा हट्ट सोडा. विषय थोडा वळवा : मूल त्रासात आहे हे शिक्षकांना कशावरून कळतं, कळल्यावर ते काय करतात, आणि कुठे अडतात. तुमच्या तालुक्यातले २५-३० शिक्षक, त्यांच्या सविस्तर मुलाखती, आणि एका वर्गाचं वर्षभराचं निरीक्षण. त्यात आरोग्य राहतं, मानसशास्त्र राहतं, आणि तुमची इतक्या वर्षांची शिक्षिकेची नजर कामाला येते. शीर्षकात बदल करायला संशोधन समितीची मान्यता लागेल, नियम विद्यापीठागणिक वेगळे आहेत, पण कारण म्हणून पूर्वचाचणीचा अनुभव लिहा. पूर्वचाचणीतून आराखडा बदलला, यात कमीपणा काहीच नाही. पूर्वचाचणी त्यासाठीच तर करतात. मुलांकडून काही लिहून घ्यायचंच असेल तर जिची विश्वसनीयता (दर वेळी सारखंच मोजते का) आणि सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजते का) आपल्या भाषेतल्या मुलांवर आधी तपासलेली आहे अशी तयार प्रश्नावली रीतसर परवानगीने घ्या, आणि मुलांची संख्या तेवढीच ठेवा जेवढ्यांची उत्तरं तुम्ही त्याच दिवशी वाचू शकाल. एका दिवसात ४० कागद नीट वाचून होतात. ३०० होत नाहीत.

ई-लर्निंगच्या विषयात हे सगळं टळलं असतं, असं तुम्हाला वाटतं. टळलं नसतं. मोबाइलवर रात्री किती वाजेपर्यंत अभ्यास करतोस, असं विचारलं असतंत तरी एखाद्या मुलाने ‘झोप येत नाही म्हणून’ असं लिहिलंच असतं. मुलांना काहीही विचारा, मुलं त्यांना जे सांगायचंय ते कुठेतरी सांगतातच.

एक शेवटचं. ती मुलगी सोडून उरलेल्या ४१ मुलांचंही तुमच्याकडे काही राहिलंय. त्यांनी तुम्हाला चाळीस मिनिटं दिली आणि खरं लिहिलं. त्यांच्याकडे परत जा आणि त्यांच्या उत्तरांतून तुम्हाला काय दिसलं, ते कुणाकडेही बोट न दाखवता, वीस मिनिटांत सांगा. ‘तुमच्यातल्या पुष्कळ जणांना प्रगतिपुस्तकापेक्षा ते घरी दाखवायची भीती जास्त वाटते,’ असं काहीतरी. मुलं एकमेकांकडे बघतील. आपल्याला एकट्यालाच असं होतं, हा समज तिथे थोडा तरी मोडेल. मग वचनाची मर्यादा त्यांना समजावून सांगा, आणि आधी सांगायला हवं होतं हेही सांगा.

हे मी एवढं आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. १९८६ साली माझ्या एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी मी एका खेड्यातल्या शाळेत चौथीच्या मुलांची उंची-वजनं घेऊन त्यांची वार्षिक परीक्षेच्या गुणांशी सांगड घालत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून काटा मागून आणला होता. शर्टाची वरची दोन बटणं तुटलेला एक मुलगा काट्यावरून उतरला आणि तिथेच उभा राहिला. ‘बाई, माझं किती भरलं? कमी हाय का?’ मागे रांग होती. ‘नंतर सांगते,’ म्हणाले आणि पुढच्याला काट्यावर उभं केलं. साडेसतरा किलो. सहसंबंध गुणक, म्हणजे उंची-वजन आणि गुण यांच्या नात्याचा आकडा, मी दोन दशांश स्थळांपर्यंत काढला, प्रबंधाला चांगली श्रेणी मिळाली. त्या शाळेत परत गेले नाही. त्याचं वजन मला अजून आठवतं. त्याला ते कधीच कळलं नाही.

तुम्ही परत जायची तारीख आजच मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा. दिवाळीच्या सुट्टीच्या आधीची असू द्या, आणि त्या दिवशी प्रश्नावल्या बरोबर नेऊ नका.